एकाच वेळी अनेक कामे हातात असताना लक्ष कसे टिकवावे?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे एका वेळी चार-पाच कामे सुरू असतात आणि ती सोपवणारे वरिष्ठ दोन आहेत. अहवाल लिहायला बसावे तर आकडेवारीची विचारणा येते आणि ती पुरवून परत येईपर्यंत अर्ध्यावर सोडलेल्या परिच्छेदात नेमके काय मांडायचे होते, हे पुन्हा शोधावे लागते. पंचवीस मिनिटांचा गजर लावण्याची पोमोदोरो पद्धतही वापरून पाहिली, परंतु गजर वाजण्याआधी कोणीतरी हाक मारतेच. एकाग्रता वाढवण्यासाठी प्रयत्न करावेत, की कामाची मांडणीच बदलावी?

पहिला प्रतिसाद

मांडणी बदलावी. तुमच्या वर्णनात एकाग्रतेची उणीव मला दिसत नाही. अर्धवट अवस्थेतील कामांची संख्या मात्र जास्त दिसते.

समजा, प्रत्येकी दोन दिवसांची तीन कामे आहेत. एकामागून एक केली तर ती दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या दिवशी संपतील. रोज एक याप्रमाणे आलटूनपालटून केली तर चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या दिवशी. शेवटचे काम दोन्ही प्रकारांत सहाव्या दिवशीच हातावेगळे होते, पण दुसऱ्या प्रकारात पहिल्या दोन कामांची वाट पाहणारे विनाकारण ताटकळतात. शिवाय काम बदलताना वाया जाणारा वेळ या हिशेबात धरलेलाच नाही. सगळ्यांना थोडे थोडे दिल्याचे समाधान मिळते खरे, पण ते बहुधा आपल्यालाच मिळते.

सोफी लरॉय यांनी २००९ च्या शोधनिबंधात दाखवले की आधीचे काम अपुरे ठेवून दुसऱ्याकडे वळल्यास लक्षाचा काही भाग मागेच रेंगाळतो आणि नव्या कामाचा दर्जा घसरतो. त्यांनीच थेरेसा ग्लोम्ब यांच्यासह २०१८ मध्ये यावरचा एक साधा उपाय मांडला: उठण्यापूर्वी आपण कुठवर आलो आहोत आणि परतल्यावर पहिली कृती कोणती करायची, हे थोडक्यात लिहून ठेवणे. ‘अहवाल अपूर्ण’ अशी नोंद निरुपयोगी ठरते. ‘दुसऱ्या तक्त्यातील घट कशामुळे झाली ते लिहायचे, कारणे टिपणात आहेत’ अशी नोंद हवी. हाक मारणाऱ्याला ‘एक मिनिट’ म्हणून तेवढे लिहिण्यात उद्धटपणा नाही.

यासोबत, सुरू असलेली कामे दोनच ठेवा. उरलेली कामे ‘अद्याप हाती घेतलेली नाहीत’ अशा वेगळ्या यादीत सर्वांना दिसतील अशी मांडा.

दुसरा प्रतिसाद

वरील मताशी बव्हंशी सहमत आहे, पण व्यत्ययामुळे काम नेहमी लांबतेच असे नाही. ग्लोरिया मार्क आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या प्रयोगात व्यत्यय आलेल्या व्यक्तींनी काम उलट लवकर संपवले. त्याची किंमत त्यांनी अधिक ताण आणि वैताग सोसून मोजली. म्हणूनच केवळ वेळेचा हिशेब मांडून वरिष्ठांना पटवू पाहाल तर ते ऐकतीलच असे नाही, कारण त्यांच्या दृष्टीने काम होतच असते. ज्यांचे कामच विचारणांना उत्तरे देण्याचे आहे, त्यांना दोन कामांची मर्यादा पाळता येणार नाही. त्यांनी सलग लिखाणासाठी दिवसातला एखादा तास राखून ठेवावा आणि त्या वेळेत येणाऱ्या प्रत्येकाला ‘हे केव्हापर्यंत हवे आहे?’ एवढे विचारावे. बऱ्याच विचारणा दुपारपर्यंत थांबू शकतात, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

प्रश्नकर्ता

नोंद लिहिण्याचा उपाय लगेच सुरू करतो. अडचण दोन कामांच्या मर्यादेची आहे: दोन्ही वरिष्ठ आपापले काम तातडीचेच म्हणतात, तेव्हा कोणती दोन निवडायची?

तिसरा प्रतिसाद

ती निवड तुमच्या अधिकारातली नाही, म्हणूनच तिचा भार होतो. तातडीचे आणि महत्त्वाचे अशी चार चौकटींत केलेली विभागणी स्वतःची कामे लावताना उपयोगी पडते. दोन वरिष्ठांची कामे एकाच चौकटीत येऊन बसली की ती काहीच ठरवू शकत नाही. सर्व कामे, प्रत्येकाला लागणारा अंदाजे वेळ आणि तुम्ही सुचवलेला क्रम असा एकच मेल दोघांनाही एकत्र पाठवा. वेगवेगळे मेल पाठवू नका, नाहीतर दोघांकडूनही ‘आधी माझे’ हेच उत्तर येईल. क्रम बदलायचा असल्यास अमुक वेळेपर्यंत कळवावे, अन्यथा याच क्रमाने सुरुवात करतो, असे त्यात स्पष्ट लिहा. नवे काम आले की त्याच मेलला उत्तर म्हणून सुधारित क्रम पाठवत राहा, म्हणजे कोणते काम कशामुळे मागे गेले हे दोघांनाही दिसेल.