पार्किन्सन्ससाठी नाच : घरी नेमकं काय करून घ्यायचं?

कृष्णाकाठ_सांगली
बाबा ६९ वर्षांचे. पार्किन्सन्सचं निदान होऊन चार वर्षं झाली, सिंडोपा ११० ही गोळी दिवसातून तीनदा. चाल संथ आहे, बाथरूमच्या उंबऱ्याशी पाय चिकटून बसतात, वळताना तोल जातो, उजव्या हाताला कंप आहे. शिवाय दिवसभर गप्प असतात. भजनी मंडळात टाळ वाजवायचे, त्यामुळे ताल अंगात आहे. न्यूरोलॉजिस्टनी नाचाला हरकत नाही असं सांगितलंय. घरी काय, किती वेळ आणि कुठल्या चालीवर करायचं? काय टाळायचं?

फिजिओ_मिरज
गाण्याआधी वेळ ठरवा. गोळी घेतल्यावर साधारण पाऊण ते एक तासाने अंग मोकळं होतं, सराव तेव्हाच करायचा. गोळीचा असर उतरत असताना उभ्याने काही करू नका. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी दिली जाते ना, तेही बघा. डाळ, दूध, अंडं यांतली प्रथिनं औषधाच्या शोषणाच्या आड येतात.

सुरुवातीला एकदा रक्तदाब तपासा: पाच मिनिटं आडवं झोपवून, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर सराव फक्त बसून, आणि डॉक्टरांना कळवायचं.

आता लय. बाबांना नेहमीच्या चालीने मिनिटभर चालू द्या आणि पावलं मोजा. समजा ८८ भरली, तर मिनिटाला ८८ ते ९६ ठोक्यांचं गाणं निवडा. मोबाइलवर मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं ॲप) लावून पडताळता येतं. चालण्याचा आतला ठोका मेंदूतले बेसल गँग्लिया हे भाग सांभाळतात. या आजारात मेंदूतलं डोपामिन हे रसायन कमी पडलं की तो अडखळतो, पण बाहेरून ठोका ऐकू आला की पावलाला धरायला काहीतरी मिळतं. मात्र हुरूप यावा म्हणून वरातीची जलद गाणी लावतात, तिथे घात होतो. पाऊल लांब पडत नाही, नुसती घाई होते, टाचा उचलल्या जातात, धड पुढे झुकतं आणि माणूस तोंडावर जातो.

चालण्यासाठी केरवा ताल घ्या, आठ मात्रा सरळ पडतात. डुलण्यासाठी दादरा: तीन मात्रा वजन डाव्या पायावर, तीन उजव्या.

पहिली १५ मिनिटं बसून. खुर्ची जड, हातांची, चाकं नसलेली, भिंतीला टेकवलेली. दोन्ही हात बाजूने वर, बोटं पूर्ण ताणून, अगदी नाटकी वाटावं इतके मोठे. या आजारात हालचाल आक्रसते आणि रुग्णाला ती पुरेशी मोठीच वाटत असते, म्हणून ‘अजून मोठं’ हे सांगत राहावं लागतं. मग धड डावीकडे-उजवीकडे वळवणं, टाच-चवडा ठोकणं. त्यानंतर १० मिनिटं खुर्चीची पाठ धरून उभ्याने वजन पालटणं, जागच्या जागी पाय उचलणं. शेवटी ५-७ मिनिटं चालणं, तुम्ही शेजारी. आठवड्यातून तीनदा पुरे.

भजनातली पाऊली अंगवळणी असेल तर उत्तमच, पण मागे जाणारं पाऊल फक्त आधाराने. मागे तोल गेला की सावरत नाही. गिरकी आणि फुगडी नको. वळायचं ते अर्धगोल काढत, पाच-सहा पावलांत, दर पाऊल उचलून. सतरंजी गुंडाळून ठेवा. मोजे नकोत. खूप पकड असलेले रबरी तळवेही नकोत, पाय घासत चालणाऱ्याचं पाऊल त्यात अडकतं.

उंबऱ्यासाठी: अलीकडे जमिनीवर ठळक रंगाच्या टेपच्या चार-पाच आडव्या पट्ट्या, साधारण ४० सेंमी अंतराने. पाय चिकटला की ओढू नका आणि ‘चला चला’ही नको. थांबवा, दोनदा डावी-उजवीकडे डुलू द्या, मग पट्टी ओलांडायला सांगा.

लयवेल्हाळ
मी नृत्य-हालचाल उपचाराचं काम करते. फिजिओंनी शरीराचं सांगितलंच आहे, मी गप्प राहण्याबद्दल लिहिते.

पार्किन्सन्समध्ये चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, त्यामुळे माणूस खूश असला तरी दिसत नाही. ‘हसा की बाबा’ म्हणू नका. समोरासमोर खुर्च्या टाकून बसा आणि तीन-चार मिनिटं ते करतील तसं तुम्ही करा. पुढाकार त्यांचा. त्यांनी हात गुडघ्यावरून वीतभर उचलला तर तुम्हीही वीतभरच, त्याच वेगाने, त्याच जोराने. उचलायच्या आधी ते क्षणभर थांबले तर तुम्हीही थांबा. फक्त कंपाची नक्कल कधीही करायची नाही. ती चेष्टा वाटते आणि माणूस हात लपवतो. हे प्रतिबिंबाचं तंत्र नृत्य-उपचाराचा पाया घालणाऱ्या अमेरिकी नर्तिका मारियन चेस यांच्या कामातून आलं. वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात १९४२ पासून त्या न बोलणाऱ्या रुग्णांपर्यंत हालचालीतून पोहोचल्या.

‘करावंसं वाटतंय का?’ असं विचारलंत तर उत्तर बहुधा नाहीच येईल. या आजारात सुरुवात करण्याची ऊर्मीच कमी होते, मात्र एकदा सुरू केलं की रमतात. म्हणून सरावाच्या दिवशी वेळ ठरलेली एकच ठेवा आणि सरळ गाणं लावा. पण झोप उडाली असेल, भूक गेली असेल, निराशेचं बोलत असतील तर ते नैराश्य. त्यावर औषध लागतं, नुसता नाच पुरत नाही.

पुढे कुणाला बोलवायचं झालं तर प्रशिक्षण नीट विचारा. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने कोलकाता संवेद या संस्थेबरोबर या विषयाची पदविका चालवली आहे. दोन दिवसांच्या कार्यशाळेने कुणी थेरपिस्ट होत नाही.

मित्रमंडळ_पुणे
थोडी भर. ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस डान्स ग्रुपने २००१ मध्ये पार्किन्सन्सचे नृत्यवर्ग सुरू केले, पुण्यात हृषीकेश पवार यांनी असे वर्ग घेतले. अमेरिकेत टँगो या जोडीनृत्यावर झालेल्या एका अभ्यासात तासाभराच्या २० वर्गांनंतर तोल सुधारलेला दिसला होता. पण नाचाने आजार मागे हटत नाही. सराव सुटला की फायदा ओसरतो, आणि बरं वाटतंय म्हणून गोळी कमी करणं तर मुळीच नको.

कृष्णाकाठ_सांगली
सगळ्यांचे मनापासून आभार. एकच शंका: सरावात टाळ हातात देऊ का? आणि सोबत अभंग म्हणू दे का?

फिजिओ_मिरज
बसून असताना दोन्ही द्या. टाळ छातीसमोर न वाजवता हात खांद्यांच्या बाहेर उघडून मग मिटायचे, म्हणजे हालचाल मोठी होते. खड्या आवाजात अभंग म्हटला तर बारीक झालेल्या आवाजालाही व्यायाम मिळतो. उभ्याने टाळ नको, एक हात खुर्चीसाठी मोकळा हवा. चालताना अभंग तुम्ही म्हणा, त्यांनी ऐकायचं. शब्द आठवणं आणि पाऊल टाकणं एकदम आलं की पाऊल आधी सुटतं.