आसुडाचे फटके मोजत बसलो, प्रार्थना राहिली

म्हापशेकर
करेस्मात, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या उपासकाळात, शेजाऱ्यांकडे 'द पॅशन ऑफ द क्राइस्ट' पाहिला. मेल गिब्सनचा, 2004 सालचा. दोन पिढ्यांचा घरोबा आमचा, चवथीला ते आमच्याकडे, नाताळाला आम्ही त्यांच्याकडे, त्यामुळे बोलावल्यावर 'नको' म्हणणे शक्यच नव्हते.

येशूला बांधून मारायला लागले. आधी छड्या, मग टोकांना अणकुचीदार तुकडे लावलेला आसूड. संपेचना. शेजाऱ्यांची आई हातात रोझरी घेऊन रडत होती आणि मी मात्र जमिनीवरच्या लाद्या बघत होतो. खरे सांगतो, भक्तिभाव वगैरे काही नाही, मळमळले. बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानात हा प्रसंग जेमतेम एका ओळीचा आहे: रोमन सुभेदार पिलाताने येशूला नेऊन फटके मारवले. त्या ओळीचे एवढे मांस कशाला करायचे? माणूस रक्ताकडे बघत बसतो आणि ज्याचे रक्त सांडतेय तोच नजरेआड होतो.

साष्टीकार
भाऊ, ओळ एकच आहे, कारण तेव्हाच्या वाचकाला रोमन फटके म्हणजे काय ते सांगावे लागत नव्हते. खुरीस, म्हणजे क्रूस, ही गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा, चारचौघांत, लोकांनी बघावी म्हणूनच दिलेली. आज आम्ही तोच खुरीस सोन्यात घडवून गळ्यात घालतो. लग्नात किती तोळ्यांचा आला याची चौकशीही होते! सिनेमाने त्यावरचे सोने खरवडले, एवढेच. तुम्हाला मळमळले ना? मळमळायलाच हवे होते.

पेडण्याची_लेक
साष्टीकारबाब, मग मला सांगा, आमच्या दशावतारी काल्यात नरसिंह हिरण्यकश्यपूचे पोट फाडतो तेव्हा पोरे पुढच्या रांगेत बसून टाळ्या का वाजवतात? मळमळत कोणालाच नाही. कारण ते सोंग आहे हे सोंग घेणारा लपवत नाही. हिरण्यकश्यपू मरतो आणि थोड्या वेळाने मांडवामागे चहा पिताना दिसतो. सिनेमा सोंग लपवतो. कातडी सोलल्याचा मेकअप जितका हुबेहूब, तितका माणूस गोष्टीतून उठून 'हे केले कसे असेल' या विचारात जातो. मी तरी गेले.

साष्टीकार
आणि गुड फ्रायडेची मूर्ती? आमच्या गावात त्या दिवशी इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, घंटा बंद, मात्राक नावाचे लाकडी वाद्य तेवढे वाजते. खुरसावरून मूर्ती उतरवतात, खिळे काढले की हात खाली दुमडतात. गुडघ्यांवर जखमा रंगवलेल्या. लहानपणी मी आईच्या पदरात तोंड लपवायचो. तेही सोंगच ना? पण त्या वेळी चहाची आठवण कोणाला होत नाही.

पेडण्याची_लेक
लाकूड ओरडत नाही हो.

राय_गावचा
ओरडण्यावरून आठवले. जेझुइट मिशनरी फादर स्टीफन्सचे येशूच्या गोष्टीवरचे 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापले गेले, तेही मराठी ओव्यांत. करेस्मात लोक ते ऐकत. ओवी ऐकताना जखम किती खोल ते ज्याचे त्याने ठरवायचे. पडद्यावर दिग्दर्शक ठरवतो आणि सगळ्यांना सारखीच देतो, दहा वर्षांच्या पोरालाही.

दुसरी गोष्ट कोणी काढली नाही. मारणारे रोमन, पण 'मारा मारा' ओरडणारा जमाव ज्यूंचा, आणि या चित्रणावर तेव्हा मोठा वाद झाला होता. 'त्याचे रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर' या जमावाच्या वाक्याचे भाषांतर पडद्याखालून काढले, पण अरामीतले बोल तसेच ठेवले. व्हॅटिकनने 1965 मध्येच स्पष्ट केले होते की हा दोष सगळ्या ज्यूंच्या माथी मारता येणार नाही. एवढे रक्त पाहिल्यावर प्रेक्षक कोणावर तरी चिडणारच. मग कोणावर, हे बघायला नको?

दोन_मुलांची_आई
मला फटक्यांना रडू आले नाही, डोळे मिटून घेतले. रडले ते पुढे. येशू खुरीस घेऊन पडतो आणि त्याच्या आईला, मारियेला, तो लहानपणी असाच धडपडला होता ते आठवते. ती धावत सुटते. तिथे रक्त कुठे होते? असलेच तर आधीचे.

साष्टीकार
बाय, आधीचे होते म्हणूनच ते धावणे तुम्हाला लागले.

म्हापशेकर
हे मात्र खोडता येत नाही. तरी 2005 मध्ये गिब्सनने स्वतःच पाचेक मिनिटांची मारहाण कापून सिनेमा पुन्हा लावला होता, म्हणजे जास्त झाले असे त्यालाही वाटलेच असणार.

साष्टीकार
त्याला वाटले की तिकीट काढणाऱ्यांना वाटले, देव जाणे. आणि कापूनही अमेरिकेत तो लहान मुलांसाठी चालेल असे सिनेमांचा वयोगट ठरवणारे मंडळ म्हणालेच नाही. ते असो. यंदा गुड फ्रायडेला या आमच्याकडे.

म्हापशेकर
मिरवणुकीला येतो. टीव्ही लावलात तर व्हरांड्यात बसेन.