पेपरात सगळ्यांना आठच्या वर मार्क, लाइनवर मात्र तेच! कामगारांना शिकवायचं कसं, हे कुठे शिकू?

वाळूजची_क्वालिटी

नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत ॲल्युमिनियमचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, सात वर्षं झाली. शिकवण्याचा अनुभव म्हणाल तर धाकट्या भावाची दहावीची गणितं घेतली होती, तेवढाच. मागच्या महिन्यात ट्रेनिंग बघणारे साहेब नोकरी सोडून गेले आणि "तू बोलतेस चांगली" एवढ्या एका गुणावर ते काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिलाच विषय प्लग गेज, म्हणजे भोकाचं माप तपासायचा दांडा. आमच्या एका पार्टला २२ एच७ चं बोअर (भोक) आहे, म्हणजे व्यास २२.००० ते २२.०२१ मिमीच्या आत हवा. गेजची गो बाजू २२.०००, ती आत जायला हवी; नो-गो २२.०२१, ती जाता कामा नये. कस्टमरची तक्रार आली की पिन बसत नाही, बोअर लहान आहे. आमच्याकडून तर प्रत्येक पार्ट गेज लावूनच गेलेला. उत्तरात नेहमीप्रमाणे "ऑपरेटरला री-ट्रेनिंग दिले" लिहायचं होतं, म्हणून दिलं. शनिवारी कँटीनमध्ये २६ जण, दीड तास, ४८ स्लाइड. टॉलरन्स (मापात चालणारी सूट), फिट, गेजचे प्रकार, कॅलिब्रेशन, काही म्हणून सोडलं नाही. शेवटी दहा मार्कांचा पेपर. आठच्या खाली कुणी नाही. फीडबॅकला "मॅडम छान शिकवतात". हजेरीपत्रक फाइलला लावलं, मी खूश.

सोमवारी राऊंडला गेले तर एक पोरगा गो बाजू तळहाताने ठोकून आत घालतोय! हाच पेपरात दहापैकी दहा. "गेजवर जोर देऊ नये" हे त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, पेपर माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

इन्स्ट्रक्शनल डिझाइन नावाचं शास्त्र असतं असं कळलं. ऑनलाइन कोर्स चाळले, पण बरेचसे ई-लर्निंगची सॉफ्टवेअरं शिकवतात. माझ्या ऑपरेटरला बसायला खुर्ची नाही, कॉम्प्युटर कुठला? तर पाया कुठून शिकू? आणि खरं सांगा, त्याने त्या पोराचा तळहात थांबेल का?

एचआर_पण_माणूस

कोर्स करशील तिथे दोन नावं पहिल्या दिवशी भेटतील. एक ॲडी: विश्लेषण, रचना, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन. १९७५ च्या सुमारास फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने अमेरिकन सैन्यासाठी बसवलेली ही घडी. कंपन्यांत बहुतेक लोक पहिली पायरी गाळून थेट तिसरीवर, म्हणजे पीपीटीवर उडी मारतात (मीही मारलीय). दुसरं कर्कपॅट्रिक: ट्रेनिंग लोकांना आवडलं का, ते शिकले का, कामावर वागणं बदललं का, आणि कंपनीला फरक पडला का, अशा चार पायऱ्या. तुझा फीडबॅक फॉर्म पहिली, पेपर दुसरी. तळहात तिसरीवरचा आहे आणि तिथपर्यंत तू काही मोजलेलंच नाहीस.

अवांतर: "वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के, केलेलं ९० टक्के लक्षात राहतं" हा तक्ता कुणी दाखवला तर हसून पुढे जा. एडगर डेलच्या १९४६ च्या मूळ शंकूत एकही आकडा नव्हता, ते नंतर कुणीतरी चिकटवले.

जुना_फिटर

ताई, मी ३१ वर्षं आयटीआयला फिटर ट्रेडचा निदेशक होतो. आमच्या निदेशकांच्या कोर्सला पहिल्याच आठवड्यात सरांनी मला कानस कशी धरायची ते लिहून काढायला सांगितलं. मी ऐटीत बारा ओळी लिहिल्या. सरांनी ऑफिसातल्या क्लार्कला बोलावलं, कागद हातात दिला आणि म्हणाले, वाच आणि धर. त्याने सुरी धरावी तशी कानस धरली. सगळा वर्ग हसला, मी सोडून. मूठ तळहातात टेकवायची आणि अंगठा वरच्या अंगाला ठेवायचा, हे मी लिहिलंच नव्हतं. माझ्या हाताला ते माहीत होतं, मला नव्हतं.

तुझ्या शास्त्राचा पाया मला विचारशील तर हाच. आधी शिकवू नकोस. लाइनवरचा सगळ्यात चांगला हात शोध आणि त्याच्याजवळ दोन तास नुसती उभी राहा. कागदावर तीन रकाने आख: पायरी, त्यातली नाजूक जागा, आणि ती तशीच का. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत नवख्या माणसांना कारखान्यात पटापट तयार करायला टीडब्ल्यूआय नावाची पद्धत निघाली, त्यातून आलेला हा तक्ता. शिकवायच्या पायऱ्या चार. माणसाची भीड घालवून त्याला काय येतं ते विचार. करून दाखव, नाजूक जागा बोलून दाखव. त्याच्याकडून करून घे आणि करताना त्याला बोलायला लाव. मग एकट्याला सोड, पण जाऊन बघत राहा. ही चौथी लोक विसरतात. मीही पहिली काही वर्षं विसरायचो.

परीक्षा पेपरावर घेऊ नकोस. दहा पार्टचा ट्रे कर, त्यात तीन खराब मिसळ. तीनही वेगळे काढले आणि चांगला एकही फेकला नाही, तर पास. हे ट्रेनिंगच्या आधी ठरव, मग ४८ पैकी कुठल्या स्लाइड लागतात ते आपोआप कळेल. माझा अंदाज, दोन.

आणि एक जुना प्रश्न आहे: कानाला बंदूक लावली तर तो पोरगा गेज नीट लावेल का? लावणार असेल, तर त्याला येतंय. मग गोम दुसरीकडे आहे.

मायक्रॉनवाला

काकांशी सहमत. माझा प्रश्न वेगळा. ताई, तुमचं पार्ट धुवायचं वॉशिंग मशीन गेजिंगच्या आधी आहे की नंतर?

वाळूजची_क्वालिटी

आधी. का?

मायक्रॉनवाला

धुवून निघालेल्या पार्टला हात लावून बघा. ॲल्युमिनियम आहे. गेजपेक्षा ३० अंशांनी गरम असेल तर २२ चं बोअर साधारण १५ मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) मोठं होतं. तुमचा अख्खा टॉलरन्स २१ चा. लहान बोअर गरम असताना पास होणार आणि कस्टमरकडे थंड झाल्यावर पिन अडणार.

वाळूजची_क्वालिटी

नऊ दिवसांनी येतेय, माफ करा. आधी सगळ्यांना दंडवत.

काकांनी सांगितल्याप्रमाणे सेकंड शिफ्टला उभी राहिले. पहिला अर्धा तास सगळे माझ्याकडे बघून नाटकी काम करत होते, मग विसरले. आमच्याकडे एक मावशी आहेत, त्यांच्या हातून आजवर तक्रार नाही. त्या पार्ट उचलतात आणि गेज घ्यायच्या आधी मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवतात. बाळाच्या दुधाची बाटली बघतो ना, अगदी तसं. कोमट लागला की बाजूच्या ट्रेमध्ये ठेवून दुसरा घेतात. मी विचारलं, मावशी हे काय? तर म्हणे, "काही नाही, सवय." त्यांनाही कारण सांगता येईना. गरम पार्टला गेज "खोटं बोलतो" एवढंच त्यांना ठाऊक. माझ्या ४८ स्लाइडमध्ये तापमान हा शब्द नव्हता.

थंड करायच्या टेबलावरचा पंखा दोन महिने बंद आहे. मेंटेनन्सला तीनदा कळवलंय, रजिस्टरला नोंदी आहेत. आणि तो पोरगा ठोकतो कारण बोअरच्या तोंडाला बर (कापताना राहिलेली धातूची धारदार कड) राहते, बर काढायचा ब्रश दोन मशीनला मिळून एक, तो पलीकडे. ब्रश आणायला गेला की तासाचा आकडा चुकतो. बंदूक लावली तर तो नीटच लावेल. मी त्याच्या हातात ब्रश दिला आणि बघत राहिले, गेज आपल्या वजनाने खाली गेला.

पंखा सुरू झाला. ब्रश आले. मग तीन-तीन जणांना मशीनपाशीच वीस मिनिटं घेतलं, दाखवायला मावशी, बोलायला मी. काकांचा ट्रे केला. (करताना जाणवलं की हा तर आपला ॲट्रिब्यूट एमएसए, म्हणजे चांगला-खराब ठरवणाऱ्या तपासणीचीच तपासणी! माणसांच्या परीक्षेला वापरायचं कधी सुचलंच नाही.) पहिल्या फेरीत २६ पैकी ११ पास. पेपरात सगळे पास होते ते हेच लोक. बाकीच्यांना पुन्हा घेतलं, आता चार राहिलेत. पुढच्या बुधवारी न सांगता सगळ्यांना परत ट्रे देणार आहे.

एकच अडचण. ऑडिटच्या फॉर्मवर "ट्रेनिंगचा कालावधी" या रकान्यात साहेबांना किमान एक तास हवाय. वीस मिनिटं लिहू का?

जुना_फिटर

वीसच लिही. मागे ट्रेचा निकाल जोड, दोन्ही फेऱ्यांचा, नापासांसकट. ऑडिटर तोच कागद आधी वाचेल. आणि राहिलेल्या चौघांना त्या तळहातवाल्या पोराकडे दे शिकवायला. दाखवताना ठोकतो का ते बघ.