हरिहरला जुलैतल्या रविवारी चाललेत, ग्रुपवाले 'इझी टू मॉडरेट' म्हणतायत. धोका नक्की कशात असतो?

सायली_कोथरूड

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ आणि त्याच्या ऑफिसातली काही मुलंमुली येत्या रविवारी नाशिककडच्या हरिहर किल्ल्यावर चाललेत. इन्स्टावर एका ग्रुपची पोस्ट बघून पैसे भरलेत, शनिवारी रात्री पुण्यातून बस, रविवारी ट्रेक आणि रात्री उशिरा परत. मी म्हटलं ऐन पावसात त्या पायऱ्यांवर कशाला, तर म्हणतो ताई दर रविवारी शेकडो लोक जातात, तू उगाच घाबरतेस. मी स्वतः सिंहगड, राजगड केलेत पण तेही थंडीत, त्यामुळे त्याला ठामपणे काही सांगता येत नाही.

जाऊच नको असं म्हणायचं नाहीये मला. फक्त हे समजून घ्यायचंय की ज्या वाटेने एवढी माणसं सुखरूप जाऊन येतात तसल्याच फेमस वाटांवरच्या बातम्या दर पावसाळ्यात का येतात? उंची म्हणावी तर हरिहर साधारण ३६७६ फूट, कळसूबाई ५४००. मग कातळ, पाऊस, गर्दी, का अजून काही? ज्यांनी पावसात केलाय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, हा धागा त्याला वाचायला देणार आहे.

घाटवाटा_नाशिक

सायलीताई, सह्याद्रीत उंचीचा आणि धोक्याचा फारसा संबंध नसतो. कळसूबाईला पायथ्याच्या बारी गावातून चढताना दमछाक होते पण अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत, धरायला काहीतरी आहे. हरिहरला चाल कमी. निरगुडपाड्याकडून या नाहीतर हर्षेवाडीकडून, पठारावर आलात की समोर कातळात खोदलेला तो जिना, जवळजवळ ८० अंशात उभा. रुंदी जेमतेम, दोन माणसं शेजारून गेली तर खांदे घासतात. पायऱ्यांमध्ये हात घालून धरायला खोबण्या आहेत आणि ज्याने कुणी त्या खोदल्या त्याने फार विचार करून खोदल्यात, कोरड्या दिवशी माणूस त्या धरून निवांत चढतो. पण फोटोत दिसतो तो फक्त हा पहिला टप्पा. दरवाजातून आत गेलं की कड्याच्या पोटातून वाकून जायची अरुंद वाट, एका हाताला सरळ दरी, आणि पुढे परत पायऱ्या, त्याही चांगल्याच उभ्या. बऱ्याच नवीन पोरांना हे वर पोचल्यावरच कळतं.

१८१८ मध्ये इंग्रजांनी या भागातल्या कितीतरी किल्ल्यांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या, हरिहरचा जिना तेवढा वाचला. ही वाट गडावरच्या मोजक्या माणसांच्या ये-जा साठी केलेली, शत्रू आलाच तर एकेक करूनच वर येऊ शकेल अशी. आज त्याच जिन्याने रविवारी शेकडो लोक चढतात आणि तेवढेच उतरतात, खाली यायला दुसरी वाट नाही. म्हणजे काय होतं सांगतो, अर्ध्या जिन्यात तुमची रांग थांबते कारण वर कुणीतरी घाबरून बसलंय नाहीतर कुणीतरी रील काढतंय, आणि तुम्ही अर्धा-पाऊण तास ओल्या बोटांनी खोबण धरून उभे, पोटऱ्या थरथरायला लागतात, वरून पाणी येतंय, खोबणीत पण पाणी साचलंय. त्यात पठारावरचा चिखल प्रत्येकाच्या बुटाला लागून पायऱ्यांवर येतो. सकाळी पहिल्या माणसाला जी पायरी नुसती ओली मिळते तीच अकरा वाजता लोण्यासारखी झालेली असते. आणि वरचा एक घसरला की खालच्या चारपाच जणांना बाजूला व्हायला जागाच नाही.

तिकडे पनवेलजवळ कलावंतीण सुळक्याची हीच कथा आहे. पायऱ्या खोदलेल्या, बाहेरच्या बाजूला कठडा नाही, आणि मुंबईतून जवळ म्हणून गर्दी.

ग्रुपवाले इझी-मॉडरेट लिहितात ते डिसेंबरातल्या कोरड्या मंगळवारचं वर्णन आहे. जुलैतल्या रविवारी त्याच वाटेची ग्रेड वेगळी असते, आणि ती गर्दीच बदलते. म्हणून भावाचं 'शेकडो लोक जातात' हे कारण मला उलटं वाटतं, शेकडो लोक जातात म्हणूनच तिथे जपायला हवं.

मीनल_डोंगरवाटा

नाशिकच्या दादांनी कातळाचं आणि गर्दीचं लिहिलंच आहे, मी पाणी आणि थंडीबद्दल लिहिते कारण त्याकडे लोक फार हलकं बघतात.

घाटमाथ्यावर पाऊस पडतो एकीकडे आणि ओढा फुगतो दुसरीकडे. तुम्ही उभे आहात तिथे रिमझिम, पण वरच्या पठारावर ढग फुटल्यासारखा कोसळत असतो आणि ते सगळं पाणी काही मिनिटांत खाली येतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात चार लहान मुलं. व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल, एकमेकांना घट्ट धरून प्रवाहात उभी होती ती माणसं. सुरुवातीला पाणी बेताचंच असतं म्हणून तर लोक उतरतात. गुडघाभर वेगाच्या पाण्यात उभं राहता येत नाही, खाली शेवाळलेला कातळ असेल तर घोट्याएवढं पण पुरे. म्हणून अंधारबनसारख्या ट्रेकला मला जास्त काळजी वाटते. पिंप्रीहून भिऱ्याकडे उतरत जायचं, मध्ये ओढे पार करायचे, आणि एक ओढा पार केल्यावर पुढचा फुगला तर मागचाही फुगलेलाच असणार, मध्येच अडकलात. सांदण दरीला तर तिथल्या साम्रद गावची माणसं स्वतःच सांगतात की पावसाळ्यात आत उतरू नका, ती दरी म्हणजे पाण्याचीच वाट आहे.

थंडीचं म्हणाल तर महाराष्ट्रात थंडीने माणूस जातो यावर कुणाचा विश्वास बसत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हरिश्चंद्रगडावर पुण्याची सहा जणं धुक्यात वाट चुकली, भर पावसात जंगलात रात्र काढावी लागली, त्यातला एकजण दगावला. बर्फ लागत नाही त्याला. अंगावर भिजलेली जीन्स आणि कॉटनचा टीशर्ट, वर वारा, आणि पोटात काही नाही, एवढ्यात अंगातली ऊब जाते. आधी कुडकुडतं, मग बोबडी वळते, साधी बॅगेची चेन लावता येत नाही, माणूस चिडचिड करतो किंवा गप्प बसतो. आणि कुडकुडणं थांबलं की बरं वाटतंय असं समजू नका, तिथून पुढे खरं वाईट. प्रत्येकाच्या सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कोरडा टीशर्ट आणि जमलं तर स्वेटर हवाच, नुसत्या पाँचोने भागत नाही.

भटकंती_अनलिमिटेड९६

जरा जास्तच घाबरवताय असं वाटतंय. मी हरिहर पावसात केलाय, मस्त अनुभव होता, काही झालं नाही. घरात बसून पण माणूस बाथरूममध्ये घसरतो. बंदी घालून आणि भीती दाखवून पोरं मोबाईलमध्येच राहतील.

लोणावळा_रेस्क्यूवाला

भटकंती भाऊ, भीती कुणीच दाखवत नाहीये, जा असंच सगळे सांगतायत फक्त कधी आणि कसं ते बघा. तुम्हाला काही झालं नाही याचा आनंदच आहे. पण आम्हाला फोन येतात तेव्हा वरचा माणूस बहुतेक वेळा हेच सांगतो की मागच्या वेळी काही झालं नव्हतं.

मी रेस्क्यूला जातो म्हणून दोन गोष्टी मला वेगळ्या दिसतात. पहिली झोप. शनिवारी दिवसभर काम करून रात्री अकराला बस, पाठ मोडत चारला पोचायचं, पोहे-चहा करून लगेच चढायला सुरू. चढताना उत्साह असतो, निघतं सगळं. उतरताना दुपारी दोन-तीन वाजता पाय ऐकत नाहीत, डोळ्यावर झापड, आणि माणूस घसरतो तो जास्त करून उतरताना. तीच बस रात्री परत घेऊन जाणारा ड्रायव्हर दिवसा नीट झोपला का हे पण विचारा, ट्रेकइतकाच तो धोका आहे.

दुसरी म्हणजे मदत किती लांब असते. मे २०२२ मध्ये दिल्लीचा एक तरुण इंजिनिअर एकटा लोणावळ्याजवळच्या नागफणी कड्यावर गेला, उतरताना वाट चुकला, मित्रांना फोन करून सांगितलं आणि मग फोन बंद. लोणावळा शहर तिथून दिसतं, तरी शोधायला दिवस लागले आणि हाती देह लागला. आमच्याकडे शिवदुर्ग मित्र ही रेस्क्यू टीम आहे, राज्यभरच्या टीम जोडणारं महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, पण ही सगळी नोकरीधंदा सांभाळून येणारी पोरं आहेत. फोन आला की घरून निघायचं, पायथा गाठायचा, मग सामान घेऊन चढायचं. तोपर्यंत गावातलेच कुणीतरी पहिले पोचलेले असतात. पाय मोडलेल्या माणसाला स्ट्रेचरवरून त्या हरिहरच्या जिन्याने खाली आणायला किती माणसं आणि किती तास लागतील याचा विचार करा, आणि तेवढा वेळ तो माणूस पावसात पडून असतो.

ताई, ग्रुपला हे विचारा: तुमची नोंदणी आहे का (२०२१ च्या राज्याच्या साहसी पर्यटन धोरणात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी सांगितलीय), किती माणसांमागे किती लीडर, रोप म्हणजे दोर आणि तो बांधता येणारा माणूस आहे का, गावातला वाटाड्या बरोबर आहे का, आणि पाऊस जास्त असला तर काय करणार. शेवटच्या प्रश्नाला 'काय नाय होत मॅडम' असं उत्तर आलं तर पैसे गेले तरी चालतील. शिवाय पावसाळ्यात जिल्हाधिकारी कार्यालयातून बंदीचे आदेश निघतात, आधी १४४ खाली निघायचे आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, तुम्ही घरून निघायच्या आधी ते बघून घ्या.

सायली_कोथरूड

खूप खूप आभार सगळ्यांचे. भावाला वाचायला दिलं, तो आधी चिडला मग त्यानेच ग्रुपला फोन लावला. पन्नासच्या वर माणसं आहेत आणि लीडर तीन. रोपचं विचारलं तर म्हणाले लागत नाही. आता तो आणि अजून दोघं मागे हटलेत पण बाकीच्यांचं मन वळत नाहीये. हीच मंडळी ऑक्टोबरनंतर गेली तर चालेल ना? आणि पावसातच कुठेतरी जायचं असेल तर काय सुचवाल? बूट कुठले घ्यायचे तेही सांगा.

घाटवाटा_नाशिक

पन्नासला तीन, त्या जिन्यावर? हटले ते उत्तम केलं. बाकीच्यांना एवढंच सांगा की निदान पहाटे सगळ्यात आधी जिन्याला लागा आणि वर रांग दिसली तर पठारावरून फोटो काढून परत फिरा.

ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत कधीही जा, मधल्या वारी सुट्टी काढून. मार्चनंतर तिथे सावली नाही आणि पाणी कमी पडतं, शिवाय ऊन चढलं की कातळ तापतो आणि मातीच्या वाटेवर घसारा होतो, तोही पावसातल्या शेवाळाइतकाच पाय काढतो. परफ्यूम मारून जाऊ नका, कड्याला आग्या मोहोळ असतात, वर आरडाओरडा नको नि धूर तर अजिबात नको. खायचं हातात धरून चढू नका, माकडं जिन्यातच हिसकायला येतात आणि माणूस दचकून हात सोडतो.

उतरताना तोंड भिंतीकडे, शिडी उतरतो तसं. दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात कायम टेकलेले हवेत, सुटलेला हात पुढच्या खोबणीत बसल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही. काठी सॅकला बांधा, मोबाईल खिशात चेन लावून. पुढचा माणूस पाचसहा पायऱ्या खाली गेल्यावरच सुरू करायचं. वरून दगड सुटला तर 'दगड' असं जोरात ओरडायचं आणि ऐकणाऱ्याने वर बघायचं नाही, कातळाला चिकटायचं.

बूट म्हणाल तर आपल्याकडची जुनी मंडळी ॲक्शनचे ट्रेकिंगचे बूट घालतात, ओल्या कातळावर रबर धरतं आणि खिशाला परवडतं. नवीन बूट आधी आठवडाभर घरी-ऑफिसला वापरा. रनिंग शूज नकोत.

पावसात जायचंच तर लोणावळ्याकडून राजमाची करा, उधेवाडीपर्यंत रुंद वाट आहे, चाल भरपूर पण अंगावर येणारं काही नाही, फक्त ओढे आणि धबधब्यात उतरू नका. लोहगड पायऱ्यांचा आहे पण रविवार टाळा, तिथे पावसाळ्यात दरवाजांमध्ये तासन् तास गर्दी तुंबते. भावाला म्हणावं हिवाळ्यात नाशिकला या, मधल्या वारी असेल तर मी हर्षेवाडीतला वाटाड्या बघून देतो.