प्रतिसाद: ग्लेन, निगन आणि तो सस्पेन्स

वॉकिंग डेड या झोंबींच्या अमेरिकन मालिकेतला खलनायक निगनचा एपिसोड अति रक्तबंबाळ होता म्हणून लोकांनी ती सोडली, हे तुमचं म्हणणं अर्धंच पटलं. रक्त तर पहिल्या सीझनपासून वाहतंय की! लोक भडकले ते खेळवल्यामुळे. सहाव्या सीझनमध्ये ग्लेन, म्हणजे नायकाच्या टोळीतला सगळ्यांचा लाडका, झोंबींच्या घोळक्यात पडतो, आतडी ओढताना दाखवतात, टायटल्समधून त्याचं काम करणाऱ्या स्टीवन युनचं नावसुद्धा गायब, आणि चार एपिसोडनंतर कळतं की आतडी त्याच्या अंगावर पडलेल्या निकोलसची होती, आपला ग्लेन पठ्ठ्या कचराकुंडीखाली सरकून जिवंत. बरं, तेही गिळलं. मग सीझनच्या शेवटी निगन बॅट उगारतो, कॅमेरा मार खाणाऱ्याच्या डोळ्यांतून, आणि कोण मेलं ते सांगायला एप्रिल २०१६ वरून थेट ऑक्टोबर! त्यात आधी टोळीतला अब्राहम जातो, म्हटलं चला ग्लेन वाचला, तर त्यांच्यातलाच डॅरिल निगनला ठोसा मारतो आणि बॅट ग्लेनच्या डोक्यात. मालिका ज्यावरून घेतली ते कॉमिक वाचलेल्यांना शंभराव्या अंकापासून माहीत होतं म्हणा, पण तशा अवस्थेत तो बायकोशी, मॅगीशी बोलायला बघतो ते खरंच बघवत नाही. निगन झालेल्या जेफ्री डीन मॉर्गनने काम मात्र जबरी केलंय, त्याला दोष देण्यात काही अर्थ नाही, राग असेल तर लिहिणाऱ्यांवर काढा.