तिसरं जग : नंबर कुणी लावले?

गरीब, विकसनशील देशांना 'तिसरं जग' म्हणतात, आणि 'तिसरं जग म्हणजे तिसऱ्या दर्जाचं' असा अर्थ काहीजण लावतात, ते पटलं नाही. १९५२ साली आल्फ्रेड सोव्ही या फ्रेंच लोकसंख्यातज्ज्ञाने हा शब्द वापरला, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर राज्यक्रांतीपूर्वीच्या फ्रान्समधला 'तिसरा वर्ग' होता. धर्मगुरू आणि उमराव वगळून उरलेली, संख्येने अफाट पण कुणी न विचारलेली रयत. हिणवणं कसलं, उलट हे लोक गप्प बसणार नाहीत असा इशाराच होता.

आणि शीतयुद्धातली अमेरिकेचा गट पहिलं जग, रशियाचा दुसरं आणि उरलेले देश तिसरं ही नेहमीची वाटणीही सर्वमान्य नव्हती बरं का. १९७४ च्या एप्रिलमध्ये चिनी नेते डेंग शियाओपिंग यांनी संयुक्त राष्ट्रांत चीनचे सर्वोच्च नेते माओ यांची वाटणी मांडली : दोन्ही महासत्ता पहिल्या जगात, युरोप-जपान वगैरे दुसऱ्यात आणि चीन तिसऱ्यात, तोही स्वखुशीने!