टेकडीवर झाडं लावायची की गवत राखायचं?

माळरान:
जून लागला की पुण्याच्या आसपास वृक्षारोपणाचे कार्यक्रम सुरू होतात, शेकडो हात कुदळी घेऊन टेकड्या-माळ चढतात. तळमळीबद्दल शंकाच नाही. पण सुपे, बारामती, इंदापूर या पट्ट्यात माळावर खड्डे मारणं बंद व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे. इथे पाऊस वर्षाला 500 मिमीच्या आसपास. चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक आणि चंडोल हे पक्षी, ही सगळी उघड्या रानाची मंडळी. धाविक तर जमिनीवरच अंडी घालतो. झाडांच्या रांगा उभ्या राहिल्या की कावळ्यांना टेहळणीला फांद्या मिळतात. 45 सेंमीचा खड्डा मारताना पवन्या-डोंगरी गवताचे जुने ठोंब उखडतात, खालचा मुरूम वर पसरतो आणि पुढच्या पावसात त्यावर आधी गाजरगवत धरतं. रोप उन्हाळ्यात जळतं, गाजरगवत राहतं. चिंकाऱ्यासाठी राखलेलं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य अवघं 5.14 चौ. किमी आहे. बाहेरचा माळ गेला तर त्यांनी जायचं कुठे?

टेकडीप्रेमी:
सुप्यापुरतं मान्य. तोच न्याय पुण्यातल्या वेताळ टेकडीला लावू नका. शहरातल्या टेकड्यांवर जुन्या खाणी आहेत, माती धुऊन गेली आहे. नुसतं राखून तिथे पवन्या येत नाही. शिवाय जानेवारीनंतर वाळलेल्या गवतात एक जळकी काडी पडली की अख्खा उतार काळा. रोपं मरतात ती काळजीअभावी, आणि त्यावर उपाय आहेत. पिशवीच्या तळाशी मुळं गोल फिरली असतील तर ती गुंडाळी ब्लेडने कापूनच रोप लावा, नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी झाड आपोआप खंगतं. उताराच्या खालच्या अंगाला अर्धगोल बांध घाला, बुंध्याभोवती पालापाचोळा पसरा. फेब्रुवारी ते मे आठवड्याला रोपामागे 10 लिटर पाणी, असे तीन उन्हाळे. हे जमणार नसेल तर लावूच नका. जमणार असेल तर अडवू नका.

कुसळ:
दोघांनीही आधी पहार हातात घ्यावी. ऑक्टोबरात, जमिनीत थोडी ओल असताना, दर वीसेक पावलांवर ती मारून बघा. 30 सेंमीच्या आत कातळ लागला तर जागा गवताची. ओहोळाच्या काठाला माती दोन फुटांच्या वर असेल तिथे खैर, पळस, मोई लावा. हिवर, मेडशिंग, सालई ही विरळ झाडं तर मुळात माळाचीच आहेत, ती आपली आपण उगवलेली असतील तर जपायची. 60 बाय 30 सेंमीचे सलग समतल चर (पाणी जिरवायला उताराला आडवे खणलेले) माळभर खणण्यालाही माझा विरोध आहे. एवढ्या पातळ मातीत चर म्हणजे गवताची मुळंच कापणं.

शहरातल्या टेकड्यांवर खरं काम आहे ते गिरिपुष्प काढण्याचं. हे झाड मूळ मेक्सिको-मध्य अमेरिकेतलं. भराभर वाढतं, आपल्याकडची जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून लावलं गेलं. आता त्याच्या दाट सावलीत गवत उगवत नाही. शेंगा तडकल्या की बी लांब उडतं, म्हणून शेंगा कोवळ्या असतानाच झाड तोडायचं. बुंध्याला धुमारे फुटतात. ते दर दीड-दोन महिन्यांनी खुडायचे, निदान दोन पावसाळे. अंगठ्याएवढी रोपं जुलैच्या ओल्या जमिनीतून मुळासकट निघतात. तोडलेले जाड दांडे तिथेच पडू देऊ नका, ओलीत ते पुन्हा मूळ धरतात.

टेकडीप्रेमी:
पद्धत बरोबर, पण घाई नको. सरसकट मोकळं केलं की ऊन मिळताच घाणेरी आणि रानमोडी ही तणं त्या जागेवर बसतात. दहा-दहा मीटरचे पट्टे करा, एक साफ करून त्यात गवत धरलं की मगच पुढचा. आणि परवानगीशिवाय कोयता उचलू नका. शहर हद्दीत 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, वनजमिनीवर वनखात्याची संमती लागते. झाड परदेशी आहे म्हणून सूट मिळत नाही.

माळरान:
पट्टे मान्य. आता गवताचं. बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तुरे झडू लागल्यावर ओरबाडून घ्या. सावलीत वाळवा, कापडी पिशवीत जूनपर्यंत ठेवा. ताजं बी कमी उगवतं, त्याला विश्रांती लागते. कुसळं एकमेकांत अडकून गोळे होतात, म्हणून ओलसर मातीत चोळून पेरा. हेक्टरी 5 किलोच्या आसपास पुरतं. एक सेंमीपेक्षा खोल गाडलं की संपलंच. उताराला बी वाहून जातं, तिथे जुलैत ठोंब लावा, अर्ध्या मीटरवर एक. वणव्यासाठी जानेवारीत 4 मीटर रुंद जाळरेषा, गवत खरवडून.

टेकडीप्रेमी:
आणि वाळलेल्या गवताचा भार? कायमची चराईबंदी केलीत तर जाळरेषा ओलांडूनही आग जाईल. वर ठोंब जुन्या काडीखाली गुदमरतात ते वेगळंच.

माळरान:
कायमची बंदी मी मागतच नाही. माळावर जुलै ते ऑक्टोबर बंद, बी पडल्यावर खुली. हे वेळापत्रक धनगरांना विचारून, ग्रामसभेत ठरवायचं. मेंढरं फिरली की वाळका भार हलका होतो. मेंढपाळाला हाकलून लावणारी कुठलीही मोहीम मला मान्य नाही.

टेकडीप्रेमी:
वेताळ टेकडीवर मेंढरं कुठून आणणार? तिथे नोव्हेंबर-डिसेंबरात विळ्यानेच कापावं लागेल. जूनच्या एका रविवारी येणारे दीडशे जण डिसेंबरात विळा धरायला येतील का, यावर मी गवताच्या बाजूचा की झाडांच्या, ते ठरेल.